तिसऱ्या वाफ्यातले दगड

२ मार्च, सोमवार

तारीख भाऊजींनी घातली. माझं कॅलेंडर वेगळं आहे: सोमवार म्हणजे इस्पितळाच्या चादरी, गुरुवार म्हणजे हॉटेलचे टॉवेल, रविवारी हात कोरडे. पण भाऊजी म्हणाले, "वहिनी, तारीख नसलेली रोजनिशी म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट." छत्तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट पाकीटच दिसते.

वही नातीने दिली. शिकायला लांब निघाली तेव्हा म्हणाली, "आजी, तू दिवसभर जे बोलतेस ते कुणाकडून तरी लिहून घे. मी सुट्टीत येऊन वाचेन." म्हटलं, अगं, मला अक्षराचा गंध नाही. तर म्हणते, "लिहायचं दुसऱ्याने. तू फक्त बोलायचंस. त्यात तुझा हात धरणारं कोण आहे?" म्हणून आता शेजारच्या खोलीतले भाऊजी रोज चार वाजता येतात, चहा पितात आणि लिहितात. अट एकच, इथलं इथेच राहायचं. त्यांनी छाती काढून सांगितलं, "छत्तीस वर्षांत दुसऱ्याचं एक पाकीट उघडलं नाही." मी विचारलं, "उजेडापुढे धरूनही बघितलं नाही?" त्यावर त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

आता कामाचं. मी चाळीस वर्षं या धुलाईघरात कपडे धुतले. आता धूत नाही, पण मालकांनी आवारातली खोली राहू दिली आहे. मुलगा बॉयलर सांभाळतो. सूनबाई पाणी सांभाळते, म्हणजे सगळं धुऊन झाल्यावर जे उरतं ते. पूर्वी ते सरळ उतारावरून तळ्यात जायचं. साबण, सोडा, ब्लीच, सगळं. मी नवी कामाला लागले तेव्हा तळ्यावर बेडूक इतके ओरडायचे की पाळी सुटल्याचा भोंगा ऐकू येत नसे. मग वर्षांमागून वर्षं भोंगा जास्त जास्त स्पष्ट ऐकू यायला लागला. आम्हाला वाटलं, मालकांनी भोंगा बदलला.

गेल्या वर्षी पाण्याच्या कार्यालयाची नोटीस आली. मालक म्हणाले, सिमेंटची टाकी बांधू, पाइपाने पाणी लांब नेऊ, आणि तळं बुजवून तिथे गाड्या उभ्या करू. सूनबाई म्हणाली, मला एक वर्ष द्या. मग तिने उतारावर तीन मोठे वाफे खणले. तळाशी जाड कापड, त्यावर खडी आणि दगड, त्यात पाणकणीस आणि लव्हाळा. पाणी पहिल्या वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि तिथून तळ्यात. यंदा बेडूक परत आले.

२६ तारखेला कार्यालयाची बाई बाटली घेऊन येणार आहे. पाणी पास झालं तर वाफे राहतील आणि तळंही राहील. नापास झालं तर मालकांनी मातीच्या गाड्या सांगून ठेवल्या आहेतच.

३ मार्च, मंगळवार

मला लिहिता येत नाही असं मी काल म्हटलं. ते पूर्ण खरं नाही. माझं लिहिणं बटणांत असतं. चाळीस वर्षांत धुण्याच्या ड्रमच्या तळाशी जी बटणं सापडली ती मी बिस्किटांच्या डब्यात साठवली आहेत. डॉक्टरांच्या कोटांची, नवरदेवांची, लहान मुलांची. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी तिसऱ्या वाफ्याशी स्टूल घेऊन बसते. बेडकाचा एक नवा आवाज आला की एक बटण या डब्यातून त्या डब्यात.

काल एकवीस. सूनबाई तो आकडा कार्यालयाला दाखवायच्या वहीत उतरवते. माझ्या बटणांना कार्यालयात किंमत आहे, आणि भाऊजींच्या पेन्शनच्या फॉर्मवर मात्र तीनदा शेरा आला. (हे लिहा, भाऊजी. लिहिलंत ना?)

५ मार्च, गुरुवार

आज सूनबाईने मला तिसऱ्या वाफ्यातला दगड हातात दिला. "आई, हात लावून बघा." काळपट, बुळबुळीत, जुन्या मोरीसारखा. मी हात झटकला. म्हटलं, अगं, हे घासत का नाहीस?

"घासायचं नसतं. ही बुळबुळ आहे ना, हीच तर..."

"चिकटून बसणाऱ्यांनी काम होत असतं तर तुझा नवरा आज मालक असता."

मुलगा बॉयलरच्या दारातून ओरडला, "ऐकलं मी!" आणि सूनबाई हसत सुटली, इतकी की तिचं वाक्य राहूनच गेलं. तशी ती गुणी आहे. लग्न होऊन आली तेव्हा तिने धुतलेल्या कॉलरला मी पुन्हा साबण लावायची. सोळा वर्षं झाली, अजून लावते. ती बोलत नाही, आणि मी दाखवल्याशिवाय राहत नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. माझा निळा तामचिनीचा टब, ज्यात मी कॉलर भिजवते, तो तिने खिडकीखाली नेऊन तळ्याच्या पाण्याने भरला आहे. आत शेवाळ, पानं, आणि बेडकाच्या अंड्यांचे दोन गोळे, शिजलेल्या साबुदाण्यासारखे. म्हणे तळ्यातले मासे खातात, म्हणून थोडी इथे वाढवू. माझ्या टबात! सवड झाली की ओतून देणार आहे.

९ मार्च, सोमवार

सूनबाई सकाळी कार्यालयाच्या शिबिराला गेली. शुक्रवारी येईल.

दुपारी मालक कुणा पाहुण्याला घेऊन वाफ्यांवर आले. मी चादरींच्या दोरीमागे होते. पाहुण्याने नाकाला रुमाल लावला. मालक हसून म्हणाले, "तपासणीला ही घाण दाखवायची आहे आम्हाला."

घाण. चाळीस वर्षांत माझ्या घरच्या कामाला हा शब्द कुणी लावला नाही. आज रात्रीचं जेवण जाणार नाही मला.

१० मार्च, मंगळवार

ठरलं. झाडं पाणी साफ करतात, हे मला मान्य आहे. पण बिचाऱ्यांना पाय रोवायला जागा तर स्वच्छ हवी. सूनबाईला वेळ मिळत नाही, मला आहे.

आज ब्रश, बादली आणि ब्लीच घेऊन तिसऱ्या वाफ्यापासून सुरुवात केली, कारण बाई बाटली तिथेच बुडवणार. पाणकणसांना धक्का न लावता दगड एकेक काढून घासला. उरलेलं ब्लीचचं पाणी खडीत ओतलं, म्हणजे खालचंही निघेल. खडीतून काळं काळं असं काही वर आलं की बघत राहावं. किती वर्षांचा मळ!

भाऊजींनी पेन थांबवलं. "वहिनी, सूनबाईंना विचारलंत?"

"तुम्ही लिहायचं काम करा. आणि हे तिला आधी कळता कामा नये, शुक्रवारी बघेल तेव्हा बघेल."

"पण ब्लीचचं पाणी त्या वेगळ्या टाकीत दोन दिवस उघड्यावर ठेवतात ना, आणि मग वाफ्यात सोडतात? त्यांनीच मला सांगितलं होतं."

"ते कारखान्याचं. हे माझ्या हातचं आहे."

१२ मार्च, गुरुवार

झालं. तीन दुपारी आणि पाऊण बादली ब्लीच. कंबर धरली आहे आणि हातांची सालं निघाली आहेत, पण दगड असे पांढरे की नातीने लहानपणी अंडी समजून उचलले असते. आता म्हणा घाण.

टब ओतायला आज पुन्हा वेळ झाला नाही.

१३ मार्च, शुक्रवार

सूनबाई आली. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून वाफे बघायला गेली. मी खिडकीतून बघत होते, आता वळेल, आता हाक मारेल. ती तिसऱ्या वाफ्यापाशी उभी राहिली. मग खाली बसली. एक दगड उचलला, फिरवून पाहिला, परत ठेवला. बराच वेळ तिथेच बसून राहिली.

आत आल्यावर म्हणाली, "आई, मी नसताना कुणी आलं होतं का वाफ्यावर?"

तिचा चेहरा बघून मी दगडांचं नावच काढलं नाही. म्हटलं, मालक आले होते. तेवढंच म्हटलं. खोटं नाही ते.

प्रवासाचा शीण असेल. उद्या सांगेन.

काल संध्याकाळी नऊ बटणं. समोर बगळा उभा होता, त्यानेच खाल्ले असणार.

१४ मार्च, शनिवार

सूनबाईने माझ्या हातांना मलम लावून दिलं. "हात का फुटलेत, आई?" म्हटलं, म्हातारपण. ती हात हातात धरून खाली वाकली, वास घेतल्यासारखी. सर्दी झाली असावी तिला. मग बोटांच्या बेचक्यांतसुद्धा मलम चोळत राहिली. अशी सेवा केली की मला उगीच रडू यायला लागलं.

तिने कालपासून तिसऱ्या वाफ्यात चांगल्या पाण्याचा नळ सोडून ठेवला आहे. दिवसभर धो धो. एवढ्या पाण्यात चारशे चादरी खळबळून निघाल्या असत्या.

काल बटणं चार.

१६ मार्च, सोमवार

आज सांगण्यासारखं काही नाही.

१८ मार्च, बुधवार

सोमवारी मी भाऊजींना खोटं लिहायला लावलं. आता खरं लिहा.

सोमवारी सकाळी सूनबाई तळ्याच्या काठावर चहाची गाळणी घेऊन बसली होती. बेडकाची पिल्लं, ती शेपटीवाली काळी टिंबं, गाळणीने काढून वर्तमानपत्रावर ठेवत होती. मेलेली. मोजत होती. मी लांबूनच बघितलं. कागद काळा झाला होता.

तेवढ्यात मालक आले. मी पुन्हा चादरींमागेच होते. माझ्या नशिबात सगळं चादरीआडूनच ऐकायचं आहे. मालक म्हणाले, "मी सांगितलं होतं, झाडांनी कारखाने चालत नाहीत."

सूनबाईचा आवाज चढला. मी पहिल्यांदाच ऐकला तसा. "झाडांनी नाहीच चालत! झाडं नुसतं घर देतात. काम करते दगडांवरची बुळबुळ. जिवंत असते ती. डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव, वर्षभर एकावर एक चढून बसलेले, तेच घाण खातात. ते मेले की पाणी नुसतं दगडांमधून वाहतं. तेवढंच."

मालक म्हणाले, "मग मेले कशाने?"

तिने गाळणी पुन्हा पाण्यात घातली.

मी चादर घट्ट धरून ठेवली होती. ओली होती. पाच तारखेला ती हेच सांगत होती मला. "ही बुळबुळ आहे ना, हीच तर..." आणि मी विनोद केला.

चाळीस वर्षं मी जे वाहू दिलं त्याने ते तळं मुकं झालं. ते ती एका वर्षात बोलतं करत होती, आणि मी तीन दुपारींत पुन्हा गप्प केलं. ब्रशने, प्रेमाने.

काल संध्याकाळी एकही बटण हललं नाही. भोंगा मात्र लख्ख ऐकू आला.

१९ मार्च, गुरुवार

भाऊजींना म्हटलं, दहा तारखेपासूनची पानं फाडा. ते म्हणाले, "पेटीत पडलेलं पत्र परत काढता येत नाही, वहिनी." म्हटलं, पेटी माझी, पत्र माझं. तर वही छातीशी धरून बसले, जशी काही मी त्यांची सायकल मागितली.

कसं सांगू? मालकांना कळलं तर ही खोली जाईल. पण खरं सांगायचं तर खोलीची भीती दुसऱ्या नंबरवर आहे. पहिल्या नंबरवर तिचा चेहरा आहे. सोळा वर्षं मी तिच्या कॉलरवरचे डाग दाखवले. आता माझा हा डाग मी तिला कोणत्या तोंडाने दाखवू?

हे लिहिताना भाऊजी एकदाही हसले नाहीत. चहासुद्धा गार केला.

२० मार्च, शुक्रवार

आज मुलगा जेवताना म्हणाला. सूनबाईने बिघाड कळवला, त्यावर कार्यालयाने पत्र पाठवलं आहे: वाफा अचानक का बिघडला त्याचं कारण लेखी द्या. अपघात झाला असेल आणि कारण नोंदलेलं असेल, तर महिन्याने दुसरी बाटली घेता येते. कारणच सांगता येत नसेल तर रचनाच फसली असं धरतात. मग एकच बाटली, आणि विषय संपला.

"मग काय लिहितेयस?" मुलाने तिला विचारलं.

"कारण माहीत नाही, असं लिहिलंय. सोमवारी टाकते."

"अगं, असं लिहिलंस तर तुझ्यावर येईल सगळं! वर्षभराचं काम..."

"येऊ दे." आणि तिने माझ्या ताटात भाजी वाढली. मी मागितली नव्हती.

एवढी हुशार बाई, थेंबात काय काय आहे ते सांगते, आणि तिला कारण सापडू नये! मला तिची कीव आली.

हे सगळं भाऊजींना सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण हातात घेतलं. म्हणाले, हे शेवटचं वाक्य लिहितो आणि थांबतो. "वहिनी, मी उद्यापासून येणार नाही. छत्तीस वर्षांत माझ्याकडून एकच गोष्ट सहन झाली नाही, ती म्हणजे चुकीच्या दारात पडलेलं पाकीट. हे पाकीट माझ्या नावाचं नाही. ज्यांच्या नावाचं आहे त्यांना द्या."

हेही लिहा, भाऊजी, आणि मग जा: अर्धा कप चहा ठेवून निघाले. माझ्या चहाचा एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता.

२१ मार्च, शनिवार

सूनबाई, लिही. आज पेन तुझ्या हातात आहे. मधे बोलायचं नाही. रडायचं तर वहीच्या बाहेर रडायचं, शाई फुटते.

दहा, अकरा आणि बारा मार्चला तू नव्हतीस. मी तिसऱ्या वाफ्यातले दगड ब्लीचने घासले. थांबू नकोस, लिही. पाऊण बादली. उरलेलं खडीत ओतलं. मालक घाण म्हणाले म्हणून. नाही, हे खोड. मालकांचं नाव यात नको, त्यांनी फक्त शब्द वापरला, हात माझे होते. खोडलंस? बरं.

तू सांगत होतीस तेव्हा मी ऐकलं नाही. मला वाटलं, पांढरं म्हणजे स्वच्छ. मला आयुष्यभर तेवढंच माहीत होतं. तुझी पिल्लं मी मारली. तळ्यातला एकेक आवाज मी बंद केला. मला हे अठ्ठेचाळीस तास... भाऊजी असते तर त्यांनी दिवस नीट मोजले असते. सोमवारपासून माहीत आहे, आणि मी तुझ्या हातची भाजी खात राहिले.

आता ते दुसरं पत्र फाड आणि हे कारण लिही. माझं नाव घाल. अपघात नको म्हणू. म्हण, घरातल्या म्हातारीने शहाणपणा केला.

आता मी गप्प आहे, आणि तुझं पेन तरीही चालतंय. काय लिहितेयस?

[आई, तुमच्या हातांना ब्लीचचा वास येत होता. मला चौदा तारखेलाच कळलं. हे मी वाचून दाखवणार नाही.]

म्हणते, "तारीख नीट केली." ठीक आहे. तारखेचं या घरात सगळ्यांनाच वेड आहे.

रागावली नाही. मी वाट बघत होते. नुसतं म्हणाली, "आई, पहिल्या वाफ्यातली बुळबुळ जिवंत आहे. उद्या वाहायला मदत कराल?"

२२ मार्च, रविवार

भाऊजी परत आले. दारात उभे राहून विचारलं, "पाकीट पोचलं?" मी म्हटलं, पोचलं, पोचपावती वहीत आहे. त्यांनी पान उलटून सूनबाईचं लिहिणं वाचलं. शेवटच्या ओळींपाशी थांबले आणि चष्मा काढला.

"काय झालं?"

"काही नाही. सूनबाईंचं अक्षर फार चांगलं आहे."

आज रविवार, पण हात कोरडे नाहीत. पहिल्या वाफ्यातले काळे दगड काढायचे, बादलीत वाफ्यातल्याच पाण्यात बुडवून ठेवायचे, उन्हाने सुकू द्यायचे नाहीत, आणि तिसऱ्या वाफ्यात माझ्या पांढऱ्या दगडांमध्ये खोचायचे. म्हणजे त्यांच्यावरचे जीव शेजारी पसरतील. सूनबाई म्हणाली, विरजण लावतात तसं. मुलगा वाहतो, मी खोचते. नळ बंद केला, कारण आता चांगलं पाणीही त्यांना चालत नाही. त्यांना खायला घाण लागते.

एकदा सवयीने दगड एप्रनला पुसला. सूनबाई "आई!" म्हणून अशी ओरडली की भाऊजींच्या हातची बादली सांडली.

त्यांना वाहायला कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

२४ मार्च, मंगळवार

निळा टब. मी विसरलेच होते. ओतायला वेळ झाला नाही तो किती बरं झालं. आत काळी टिंबं वळवळतायत, पोटभर शेवाळ खाऊन गलेलठ्ठ. शंभर तरी असतील. मी टबापासून चार हात लांबूनच चालते. माझ्या हातांचा मला भरवसा राहिलेला नाही.

२६ मार्च, गुरुवार

बाई आली. बारीक, गंभीर, रबरी बूट घातलेली. रस्त्यावर मालकांनी सांगितलेल्या मातीच्या दोन गाड्या आधीच येऊन उभ्या होत्या. इंजिनं चालू होती.

तिने तिसऱ्या वाफ्याच्या तोंडाशी बाटली भरली, उजेडात धरली. पाणी गढूळ होतं. ते मला बाटलीशिवायही कळत होतं.

मग सूनबाईने कागद पुढे केला. बाईने वाचला, आणि माझ्याकडे बघितलं. "हे तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"कुणी दबाव आणला का?"

"भाऊजींनी चहा अर्धा टाकला. दबाव म्हणायचा तर तोच."

मालकांचा चेहरा लाल झाला. "आजी, ही खोली तुम्हाला..."

बाईने कागदावरून नजर न काढता म्हटलं, "यांनी कारण दिलं नसतं तर आजच तुमच्या परवान्यावर शेरा मारला असता. आता अपघात म्हणून नोंदवते. दुसरी बाटली २३ एप्रिलला." मालकांचं वाक्य तिथेच राहिलं. या महिन्यात अर्धी वाक्यं फार झाली.

"अंगठा द्या," बाई म्हणाली. मी शाईत बुडवून ठेवला. कागदावर नुसता गोल काळा डाग. रेघ एक नाही. पुन्हा दिला. पुन्हा तसाच. चाळीस वर्षांच्या सोड्याने अंगठ्याच्या रेघा केव्हाच धुऊन नेल्या होत्या, आणि मला पत्ताच नव्हता. बाई म्हणाली, हा ठसा चालणार नाही, कुणाचाही असू शकतो.

गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. मला वाटलं, आता शेवटच्या क्षणी मी स्वतःच पुसली गेले.

भाऊजी पुढे झाले. "मी साक्षीदार. यांचं रोजचं बोलणं मी लिहितो. शब्द यांचेच आहेत." आणि सही केली, पोस्टाच्या शिक्क्यासारखी गोल, ठसठशीत. बाईने घेतली.

गाड्या माती भरलेल्याच परत गेल्या.

१२ एप्रिल, रविवार

बरेच दिवस वही उघडली नाही. सांगायचं तर रोज एकच: बसायचं आणि हात लावायचा नाही. हे काम मला चादरींपेक्षा जड जातं. पांढऱ्या दगडांच्या कडांना तपकिरी छटा आली आहे. पूर्वी असं दिसलं असतं तर मी ब्रश शोधला असता. आज सूनबाईला हाक मारून दाखवलं, तर ती म्हणाली, "आई, मळलं!" आणि दोघी हसलो, वेड्यासारख्या.

बटणं अजून शून्य.

१९ एप्रिल, रविवार

टबातल्या पिल्लांना मागचे पाय फुटले. सूनबाई म्हणाली, दुसरी बाटली पास झाली तरच सोडू. नाहीतर कुठे सोडणार?

३० एप्रिल, गुरुवार

आज कार्यालयाचं पाकीट आलं. सूनबाईच्या नावाचं. ती गुडघाभर वाफ्यात उतरलेली, मुलगा बॉयलरवर. पाकीट आलं भाऊजींच्या हातात, कारण नवा टपालवाला अजून खोल्या चुकतो.

मी म्हटलं, उघडा. ते म्हणाले, "वहिनी, तेवढं नका सांगू." आम्ही दोघं पाकिटाकडे बघत बसलो. चहा गार झाला, दोघांचा. मग ते उठले, खिडकीशी गेले, आणि छत्तीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाने पाकीट उजेडापुढे धरलं.

"काय दिसतं?"

"आकडे दिसतात. उलटे."

"आणि?"

"एक शिक्का आहे." त्यांनी पाकीट थोडं तिरपं केलं. "हिरवा."

मी पळाले. या वयात. उतारावर. सूनबाई वर आली, पाकीट फाडलं, वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि मग मान हलवली. पास. वाफे राहणार. तळं राहणार.

टब तिने आणि मी मिळून उचलला. काठाशी तिरपा केला. ती लहान जनावरं पाण्यात गेली, पायांना सवय नसल्यासारखी, आणि पानांखाली दिसेनाशी झाली. टब मोकळा झाला. तळाशी हिरवा बुळबुळीत थर होता.

"आणा, घासून देते," सूनबाई म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी लागेल."

स्टुलावर बसले. ऊन उतरत होतं. भोंगा झाला, पाळी सुटली, माणसं गेली. भाऊजी मागे उभे होते, वही उघडून, पण मी काही सांगत नव्हते. मग पाणकणसांच्या मुळाशी कुठेतरी, घोगरा, अडखळत, घसा बसल्यासारखा, एक आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

माझे हात चिखलाने बरबटलेले होते. धुतले नाहीत. तसेच डब्यात घातले आणि एक बटण उचलून त्या डब्यात टाकलं.